रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर नेताना
(द्वितीय वर्ष, कला)

'ट्रॅक डे' म्हणजे शर्यत नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. शर्यतींसाठी बांधलेला पक्का रस्ता एखाद्या दिवसापुरता सामान्य चालकांना मोकळा करून देतात. प्रत्येकाने फी भरावी, आपली गाडी आणावी आणि ठरलेल्या पाळ्यांत ती चालवावी. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीसही नाही. समोरून एस.टी. येत नाही, बाजूच्या बांधावरून म्हैस उतरत नाही, आणि कोणी पडलाच तर रुग्णवाहिका तयार असते. आपल्याकडे अशा रस्त्यांचा इतिहास फार जुना नाही. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धकाळातील विमानाच्या धावपट्टीवर पूर्वी शर्यती होत. पुढे १९९० साली इरुंगट्टुकोट्टै येथे खास बांधलेला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आला. कोईमतूरजवळ चेट्टिपाळयम येथील 'कारी मोटर स्पीडवे' २००३ सालचा, तर ग्रेटर नोएडाचे 'बुद्ध इंटरनॅशनल सर्किट' २०११ सालचे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे आमचे प्राध्यापक विचारतील. माझ्या वडिलांचे एस.टी. स्टँडसमोर दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. सकाळी कॉलेज आणि दुपारी हातात पाना, असा माझा क्रम. घरात पदवीच्या वर्गात बसणारा मी पहिला असलो तरी इंजिन उघडणाऱ्यांत दुसऱ्या पिढीचा आहे. गेल्या हिवाळ्यात माझ्या चुलतभावाने कोईमतूरच्या ट्रॅक डेला नाव घातले आणि गाडी तयार करण्याचे काम आमच्याकडे आले. गाडी म्हणजे दोनशे सी.सी.ची पल्सर एन.एस. तिच्यावरूनच तो रोज चाकणला कारखान्यात जातो, आणि तिचे हप्ते अजून चालू आहेत.

वडिलांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर विम्याचा कागद मागितला. दुचाकीच्या विमापत्रात वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी हे वापर त्यात वगळलेले आहेत. तेव्हा ट्रॅकवर गाडी आपटली तर कंपनी भरपाई देईल, असे धरून चालण्यात अर्थ नाही. श्रीमंताची गाडी मोडली तर त्याची हौस मोडते. आमच्यासारख्यांची मोडली तर कामावर जाण्याचे साधन जाते आणि हप्ते मात्र राहतात. म्हणून आमच्या तयारीचा हेतू सुरुवातीलाच ठरला. वेग वाढवण्यासाठी एक रुपयाही खर्च करायचा नाही, आणि जे काढू ते सगळे परत बसवता आले पाहिजे. मित्रमंडळी सायलेन्सर बदला, एअर फिल्टर काढा, ए.बी.एस.चा फ्यूज उपसा, असे सल्ले देत होती. १२५ सी.सी.वरच्या सर्व नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. सक्तीचे झाले, ते काही कंपन्यांची हौस म्हणून नव्हे. फ्यूज जागेवरच राहिला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ब्रेकवर.

"काका, ब्रेक तर चांगला लागतोय की," भाऊ म्हणाला.

"गावात लागतोय. तिथं एकामागून एक लागायला पाहिजे, थंड व्हायला सवड न मिळता," वडील म्हणाले.

यामागचे शास्त्र अकरावीच्या पुस्तकातले आहे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी १०० वरून ५० वर यायचे तर गाडीतली तीन चतुर्थांश ऊर्जा ब्रेकने उष्णतेत बदलावी लागते. हमरस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो, ट्रॅकवर मात्र दर फेरीला दोन-तीनदा. ही उष्णता डिस्क आणि पॅडमधून ब्रेकच्या तेलापर्यंत पोचते. या तेलाला हवेतले पाणी शोषून घेण्याची खोड असते. डबीवर 'डॉट ४' लिहिलेले ताजे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या तेलासाठी हाच आकडा १५५ वर येतो. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तेल उकळून नळीत वाफ झाली की लिव्हर थेट मुठीला टेकतो आणि गाडी तशीच पुढे जाते. सकाळी उत्तम लागणारा ब्रेक दुपारी असा दगा देऊ शकतो. भावाच्या गाडीतले तेल चहाच्या रंगाचे झाले होते. सीलबंद डबी आणून पुढचे-मागचे सगळे तेल बदलले, हवा काढली, पुढचे पॅड नवे घातले. उघडून ठेवलेली जुनी डबी वापरू नये, कारण तीही पाणी पितच असते. हे तेल रंगही खाते, म्हणून टाकीवर ओले फडके टाकून काम करावे.

टायर नवे हवेत, असा भावाचा हट्ट होता. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन साल. त्यावरून वय पाहिले, नक्षीची खोली पाहिली, भेगा नव्हत्या. ते टायर चालणारे होते, तेव्हा वडिलांनी हट्ट मोडून काढला. हवा मात्र टायर थंड असतानाच मोजावी, कारण ट्रॅकवर टायर तापला की आतला दाब वाढतो. म्हणून सुरुवातीला ती रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवतात. किती, ते तिथल्या जाणत्याला विचारावे. कोनसेट, चाकांचे बेअरिंग, चेनचा ताण आणि पुढच्या शॉकअब्जॉर्बरचे ऑइल सील तपासणे हे नेहमीचेच काम, फक्त नेहमीपेक्षा चिकाटीने करायचे. ॲक्सिलरेटर सोडताच खटकन मागे आला पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही ते पाहावे.

मला या कामातला सर्वांत आवडलेला भाग पुढेच आहे. तयारीचा जवळजवळ निम्मा भाग आपल्यासाठी नसून मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो. हेडलाइट आणि इंडिकेटरवर चिकटपट्टी लावतात, कारण आपण पडलो तर फुटके तुकडे त्याच्या चाकाखाली येऊ नयेत. आरसे आणि नंबर प्लेट काढतात. रेडिएटरमधले कूलंट काढून साधे डिस्टिल्ड वॉटर भरतात, कारण कूलंटमधले ग्लायकॉल निसरडे असते व लवकर वाळत नाही. इंजिन ऑइलच्या ड्रेन बोल्टच्या डोक्याला बारीक छिद्र पाडून त्यातून तार ओवतात आणि ती अशा दिशेने ओढून बांधतात की बोल्ट सैल होऊ लागताच तारेला ताण बसावा. शर्यतीत ही तार सक्तीची असते. ट्रॅक डेला बहुधा कोणी विचारत नाही, तरी आम्ही बांधली. दोन ड्रिल खर्ची पडले. रस्त्यावर मागच्याचा इतका विचार आपण कधी करतो? लेग गार्ड आणि साडी गार्डही उतरवले. साडी गार्ड काढताना काकू दोनदा येऊन विचारून गेल्या, परत बसवणार ना म्हणून.

चालकाच्या कपड्यांत कसूर नको. तोंड पूर्ण झाकणारे आय.एस.आय. शिक्क्याचे हेल्मेट, चामड्याचा सूट, हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट हवेतच. सूट भाड्याने मिळतो का, ते आधी चौकशी करून ठेवावे. निशाणे पाठ असावीत. पिवळे म्हणजे पुढे धोका आहे, ओलांडून जाऊ नका. लाल म्हणजे पाळी थांबली, सावकाश परत या.

गाडी सोलापूरहून रेल्वेच्या पार्सलने गेली. टाकी पूर्ण रिकामी करून, पोत्यांनी बांधून द्यावी लागते. मी मदतनीस म्हणून गेलो होतो. तपासणीच्या माणसाने ब्रेक दाबला, हँडल हलवून पाहिले, पुढचे चाक धरून ओढले आणि तारेकडे पाहून मान डोलावली. भाऊ काही वेगाने गेला नाही. त्याच्या पुढून अनेक जण निघून गेले. प्रत्येक पाळीनंतर मी लिव्हर दाबून पाहत होतो. शेवटच्या पाळीनंतरही तो सकाळइतकाच घट्ट होता. दुपारी एक बरीच महागडी गाडी वळण चुकून सरळ मातीत गेली. चालकाला लागले नाही. बाहेर आल्यावर त्याचा लिव्हर मुठीपर्यंत येत होता.

संध्याकाळी तिथेच पाणी काढून कूलंट भरले, कारण नुसते पाणी लवकर उकळते आणि आतून गंज धरतो. टायरची हवा पुस्तिकेतल्या आकड्यावर आणली. नंबर प्लेट आणि आरसे लागले. साडी गार्ड मात्र सोलापुरात राहिले होते, ते गाडी परत आल्यावर बसवले. कायद्यालाही ते लागते आणि काकूंनाही. पुढचे पॅड उघडून पाहिले, अजून बरेच शिल्लक होते. गाडी त्याच आठवड्यात पहिल्या पाळीला चाकणला गेली.

कॉलेजमधल्या ज्या मित्रांना पुढच्या हिवाळ्यात जायचे असेल त्यांनी आपले विमापत्र आणि गाडीची पुस्तिका घेऊन यावे. दुपारी दोननंतर मी गॅरेजातच असतो.