पुढे एकच चक्र, तेही स्वस्तात

प्रश्न : माझ्या जुन्या माउंटन बाइकला पुढे ४२-३२-२२ दात्यांची तीन चक्रं आणि मागे ११-३४ची कॅसेट आहे. पुढे एकच चक्र कमी खर्चात ठेवता येईल?

उत्तर : येईल, पण आधी क्रँक बघा. चक्रं रिव्हेट मारून बसवलेली असतील तर अख्खा क्रँकच बदलावा लागतो. बोल्ट असतील तर शेजारच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजा. चार बोल्टांमध्ये ते साधारण ७३.५ मिमी भरलं, तर १०४ मिमी मापाचं (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) चक्र बसेल. मोठं आणि लहान चक्र काढून मधल्या जागी ३२ दात्यांचं नॅरो-वाइड (एकाआड एक अरुंद-रुंद दाते असलेलं) चक्र लावा. जुने बोल्ट आता लांब पडतात, पूर्ण आवळूनही चक्र हलतं. आखूड बोल्ट मागून घ्या. चेन आखूड करा, झिजली असेल तर बदलाच.

पुढचा डिरेलर लगेच काढू नका. मागच्याला चेन ताणून धरणारा क्लच नसेल तर खडबडीत वाटेवर चेन उडते. पुढच्याचे लिमिट स्क्रू आवळून पिंजरा चक्रावर स्थिर करा, तो चेन धरून ठेवतो.

मात्र तुमचा सर्वांत हलका गिअर जवळपास दीडपट जड होईल. नेहमी घाट चढत असाल तर तीन चक्रंच राहू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.