चष्म्याचा नंबर : प्रकाशाचे नियम आणि वैद्याचे कर्तव्य

‘डोळ्यांचा नंबर घालवण्याचे औषध आहे का?’ हा प्रश्न कणकवलीसारख्या गावात वैद्याला जितक्या वेळा विचारला जातो, तितक्याच वेळा तो औषधी दुकानदारालाही विचारला जातो. उत्तर देण्यापूर्वी ‘नंबर’ ही काय वस्तू आहे, हे आपल्याला नेमके ठाऊक असणे अगत्याचे आहे. सुश्रुताचार्यांनी ७६ आणि वाग्भटाचार्यांनी ९४ नेत्ररोग वर्णिले आहेत. शालाक्यतंत्रात ते आपण सर्वांनीच अभ्यासले. परंतु प्रकाशकिरण डोळ्यात कसा वळतो, हा भाग बहुधा शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातच राहून जातो. त्याची उजळणी येथे योजिली आहे.

एका पारदर्शक माध्यमातून दुसऱ्यात तिरकस शिरणारा किरण आपली दिशा बदलतो. यालाच अपवर्तन म्हणतात. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्यामुळे विहिरीतील चार मीटर खोल पाणी काठावरून सरळ खाली पाहिले असता तीनच मीटर खोल भासते. डोळ्यातील सारा व्यवहार याच नियमाने चालतो. डोळ्याची एकूण अपवर्तनशक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते आणि तिचा दोन तृतीयांश भाग एकट्या पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा असतो. आतील भिंगाकडे उरलेली शक्ती आणि जवळ-दूर पाहण्याचे समायोजन एवढेच काम असते. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारून डोळे उघडणाऱ्यास सर्व धूसर दिसते, आणि पाणबुड्याचा मुखवटा चढवताच स्पष्ट दिसू लागते. याचे कारण डोळ्यात खारे पाणी जाणे हे नव्हे. पारपटल व पाणी यांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखेच असल्याने पाण्यात पारपटलाची शक्ती नाहीशी होते. मुखवट्यामुळे डोळ्यासमोर पुन्हा हवेचा थर येतो आणि ती शक्ती परत मिळते.

आता नंबराकडे वळू. भिंगाच्या नाभीय अंतराचा मीटरमधील व्यस्तांक म्हणजे डायॉप्टर. ज्या मुलाचा नंबर उणे दोन आहे, त्याला चष्म्यावाचून अर्ध्या मीटरपर्यंतच स्पष्ट दिसते, फळ्यावरचे दिसत नाही. प्रौढाच्या डोळ्याची पुढून मागे लांबी सुमारे २४ मि.मी. असते. ती केवळ एक मि.मी. वाढली तरी प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते आणि सुमारे तीन नंबर लागतो. शाळकरी मुलांचा उणे नंबर बहुतांशी असा लांबीचा प्रश्न असतो. वाढलेली उंची जशी औषधाने कमी होत नाही, तशी ही लांबीही घृताने वा अंजनाने कमी होत नाही. अंतर्वक्र भिंग किरणांना आधीच थोडे पसरवते, म्हणून प्रतिमा मागे सरकून योग्य जागी पडते. मुले रोज काही वेळ मोकळ्या उजेडात खेळली तर नंबर लागण्याचा संभव कमी होतो, हे आता सिद्ध झाले आहे. मात्र लागलेला नंबर त्याने जात नाही. जवळचे सतत पाहून भिंगाचे स्नायू आखडल्यास काही मुलांत खोटा उणे नंबर दिसतो आणि विश्रांतीने तो उतरतो. ‘नंबर गेला’ अशा पुष्कळशा कथांचे मूळ येथे असावे, असे आम्हास वाटते.

तिमिर म्हणजे निकटदृष्टिता, असे समीकरण आपल्याकडे सर्रास मांडले जाते. आम्हास ते मान्य नाही. दोष दुसऱ्या पटलात गेल्यावर माशा, डास, केस, जाळी दिसणे, दूरचे जवळ व जवळचे दूर भासणे आणि प्रयत्न करूनही सुईचे नेढे न दिसणे ही लक्षणे सुश्रुताचार्यांनी एकत्र सांगितली आहेत. सुईचे नेढे न दिसणे ही चाळिशीच्या रुग्णाची नित्याची तक्रार होय. डासांसारखे तरंगते ठिपके मात्र डोळ्यातील काचद्रवात असतात आणि त्यांचा भिंगाच्या नंबराशी संबंध नसतो. असे ठिपके एकाएकी वाढले, किंवा त्यांसोबत प्रकाशाच्या चमका दिसू लागल्या, तर दृष्टिपटल फाटल्याची शंका घेऊन रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.

चाळिशी हा रोग नव्हे. भिंग वयाबरोबर ताठर होते व त्याला जवळच्यासाठी फुगता येत नाही. चाळिशीच्या सुमारास अधिक एक, पन्नाशीत दोन, साठीत अडीच असा वाचनाचा नंबर साधारणपणे वाढतो. येथे एक सापळा आहे. साठी उलटलेला रुग्ण आनंदाने येऊन सांगतो की तुमच्या त्रिफळा घृताने चाळिशी गेली, आता वर्तमानपत्र चष्म्याशिवाय वाचतो. अशा वेळी श्रेय घेण्यापूर्वी त्याची दूरची दृष्टी तपासावी. भिंगाचा गाभा घट्ट होऊन त्याची अपवर्तनशक्ती वाढली की जवळचे आपोआप दिसू लागते आणि दूरचे अंधुक होते. ही मोतीबिंदूची सुरुवात असते. मधुमेही रुग्णाचा नंबर थोड्या दिवसांत बदलल्यास आधी रक्तशर्करा पाहावी आणि ती स्थिर झाल्यावरच नवा चष्मा करण्यास सांगावे.

प्रत्येक वैद्याला बिनखर्चात करता येण्याजोगी परीक्षा म्हणजे सूक्ष्मछिद्र परीक्षा. जाड काळ्या पुठ्ठ्यास दाभणाने सुमारे एक मि.मी. व्यासाचे भोक पाडावे. रुग्णाने चष्मा असल्यास तो घालून, एक डोळा झाकून, त्या भोकातून अक्षरांचा तक्ता वाचावा. छिद्रातून बारीकच शलाका आत जात असल्याने दृष्टिपटलावरील धूसर वर्तुळ आकसते. छिद्रातून अधिक ओळी वाचता आल्या तर दोष मुख्यतः अपवर्तनाचा, म्हणजे चष्म्याने सुटणारा. काहीच सुधारणा न झाल्यास दृष्टिपटल, नाडी वा पारदर्शक माध्यमे यांत रोग असण्याची शंका घ्यावी व औषधयोजनेत वेळ न दवडता रुग्ण पाठवावा. सुरुवातीच्या मोतीबिंदूतही छिद्रातून कधी कधी बरे दिसते, म्हणून ही परीक्षा निर्दोषतेचा दाखला मानू नये.

सर्वांत अधिक हानी होते ती लहान मुलांची. एकाच डोळ्यास मोठा नंबर असलेले मूल तक्रार करीत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे भागते. दुर्लक्षित डोळ्याकडून येणारी अस्पष्ट प्रतिमा मेंदू स्वीकारीनासा होतो आणि तो डोळा ‘आळशी’ बनतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा व पट्टीचा उपचार झाला तर दृष्टी सुधारण्याची आशा मोठी असते. पुढे ती झपाट्याने कमी होते. सहा महिने तर्पण करून पाहू, असे अशा मुलाच्या पालकांस सांगणे म्हणजे त्याचे तेवढे महिने हिरावणे होय. नेत्रतर्पण आम्हीही करतो, ते डोळ्यांच्या कोरडेपणासाठी व थकव्यासाठी, आणि त्याने रुग्णास आराम पडतो. त्या आरामास नंबर उतरणे म्हणू नये, इतकेच.

दुकानदार बंधूंसाठी एक सूचना. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत अंधत्व, मोतीबिंदू आणि दृष्टियंत्रणेचे विकार यांचा समावेश आहे. ‘चष्मा घालवा’ असा फलक दुकानात लावण्यापूर्वी तो विचार करावा, मग फलक कंपनीने फुकट दिलेला का असेना.

तक्ता सहा मीटरवर टांगावा. त्या अंतरावर ६/६ च्या ओळीतील अक्षर सुमारे नऊ मि.मी. उंच असते. आपल्यापैकी अनेकांच्या खोल्या दहा-बारा फुटांच्याच असतात. तेथे रुग्णासमोर तीन मीटरवर आरसा लावून त्याच्या डोक्यामागे उलट छापलेला तक्ता टांगावा. प्रकाशाला जाऊन-येऊन सहा मीटर पडतात आणि आरशात अक्षरे सुलट दिसतात.