मुंबई ‘वाचली’, मग झोडपलं कोणाला?

३ जून २०२०च्या संध्याकाळी ‘मुंबई वाचली’ असं म्हणत ज्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, त्यांच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. त्याच दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं होतं आणि मुरुडपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या होत होत्या. वर ‘अंदाज चुकला’ हेही ऐकावं लागलं. हवामान खात्याने हरिहरेश्वर ते दमण असा पट्टा सांगितला होता, अलिबागच्या आसपास. हरिहरेश्वर श्रीवर्धन तालुक्यातच येतं. म्हणजे वादळ आलं ते सांगितलेल्या पट्ट्यातच, त्याच्या दक्षिण टोकाला. पण लोकांनी पट्टा ऐकलाच नाही. एकच नाव धरलं, तेही मोठ्या शहराचं, आणि वाहिन्यांचे कॅमेरे तिथल्याच चौपाट्यांवर लाटांची वाट बघत राहिले.

वादळ म्हणजे नकाशावरचा ठिपका, ही समजूत सर्वांत घातक. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते तर किनाऱ्यावर चढलं गुजरातेत. तरी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले आणि मुंबईपासून दूर भर समुद्रात पी-३०५ या तराफ्यावरची सत्तरहून अधिक माणसं गेली. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की सरसकट सगळ्यांना सावध केलं तर ‘लांडगा आला रे’ होतं. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण ओडिशाकडे बघा. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं मेली. २०१९च्या फनीआधी दहा लाखांहून जास्त लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हलवलेल्यांपैकी कित्येकांची घरं शाबूत राहिली असतील, म्हणून ते हलवणं वाया गेलं का? ‘शक्यता सामान्य माणसाला कळत नाही’ हा दुसरा आक्षेप तर मला अपमानच वाटतो. मृगाच्या भरवशावर पेरणारा आणि वारा बघून होडी लोटणारा माणूस जन्मभर शक्यतेवरच जगतो. त्याला कळेल असं सांगितलं जात नाही, एवढंच. ‘ताशी ११० किलोमीटर’ म्हणजे छपराचे पत्रे उडतील, विजेचे खांब पडतील, वीज यायला आठवडे लागतील, हे कोणीतरी फोड करून सांगायला हवं.

तोवर आपणच काही गोष्टी धराव्यात. इशाऱ्यात आपल्या गावाचं नाव शोधू नका, पट्ट्याची दोन्ही टोकं बघा. आपण त्यात किंवा त्याच्या शेजारी असू तर वादळ आपलंच. लाल रंगाचा अर्थ ‘आता कृती करा’ असा आहे, लक्ष ठेवून बसायची वेळ पिवळ्याला. वारा अचानक पडला म्हणून पत्रे गोळा करायला बाहेर धावू नका: केंद्र डोक्यावरून जात असेल तर थोड्या वेळाने उलट दिशेने तितकाच जोर येतो. बॅटरी, पाणी, औषधं हे सगळे सांगतातच, तेही ठेवा. मोबाइलच्या भरवशावर मात्र राहू नका. निसर्गनंतर मनोरे बंद पडले आणि कित्येक गावांची हाक बाहेर पोचलीच नाही. मुंबईतल्या चाकरमान्यांनी गावाकडची खबर नीट लागेपर्यंत ‘थोडक्यात निभावलं’ म्हणायची घाई करू नये. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या कित्येक बागायतदारांसाठी ते वादळ त्या दुपारी संपलेलं नव्हतं.