काळ दर्शविणारी इंग्रजी शब्दयोगी अव्यये : एक अभ्यास

भारताची २०११ ची जनगणना एका निश्चित क्षणाशी बांधलेली आहे. १ मार्च २०११ रोजी शून्य वाजता असलेली लोकसंख्या या गणनेने नोंदविली. हिमाच्छादित भागांसाठी मात्र १ ऑक्टोबर २०१० ही संदर्भ तारीख होती. हीच माहिती इंग्रजीत मांडताना वर्षापूर्वी ‘इन’, तारखेपूर्वी ‘ऑन’ आणि घड्याळातील वेळेपूर्वी ‘अ‍ॅट’ येते. मराठीत प्रत्यय अथवा शब्दयोगी अव्यय नामानंतर येते व एकच रूप अनेक अर्थ वाहते. त्यामुळे मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांची येथे हमखास गफलत होते.

हा प्रश्न केवळ भाषाशुद्धीचा नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत ३०० गुणांच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत २५ टक्के गुण मिळविणे अनिवार्य आहे. हे गुण गुणवत्ता यादीत धरले जात नसले, तरी ते न मिळाल्यास अन्य प्रश्नपत्रिकांचे गुण विचारात घेतले जात नाहीत. शिवाय अर्थशास्त्रीय लेखनात चुकीच्या अव्ययाने विधानाचा आशयच बदलतो.

साठा आणि प्रवाह

शतक, दशक, वर्ष आणि महिना यांपूर्वी ‘इन’. वार व तारीख यांपूर्वी ‘ऑन’. घड्याळातील वेळेपूर्वी ‘अ‍ॅट’ हा मूळ नियम होय. चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते ‘इन १९६९’, परंतु ‘ऑन १९ जुलै १९६९’. ‘इन द मॉर्निंग’ बरोबर असले, तरी वार जोडताच ‘ऑन मंडे मॉर्निंग’ असे लिहावे लागते. ‘अ‍ॅट नाइट’ हा रूढ प्रयोग लक्षात ठेवावा.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे ओळखीचा भेद दिसेल. राष्ट्रीय उत्पन्न हा प्रवाह आहे. तो कालखंडात मोजला जातो, म्हणून ‘इन’ किंवा ‘ड्युरिंग’. परकीय चलनाची गंगाजळी हा साठा आहे. तो विशिष्ट दिवशी मोजला जातो, म्हणून ‘ऑन ३१ मार्च’ किंवा ‘अ‍ॅट द एन्ड ऑफ मार्च’. अव्यय चुकल्यास साठा प्रवाहासारखा भासतो.

अव्यय केव्हा गाळावे?

‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘धिस’ आणि ‘एव्हरी’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या कालवाचक प्रयोगांपूर्वी सामान्यतः ‘इन’, ‘ऑन’ किंवा ‘अ‍ॅट’ येत नाही. ‘गेल्या वर्षी निर्यात वाढली’ याचे भाषांतर करताना केवळ ‘लास्ट इयर’ पुरेसे आहे. ‘इन लास्ट इयर’ ही चूक ठरते. ‘टुडे’, ‘टुमारो’ व ‘यस्टर्डे’ यांनाही हाच नियम लागू होतो. मात्र ‘गेल्या पाच वर्षांत’ यासाठी ‘इन द लास्ट फाइव्ह इयर्स’ असे लिहावे. येथे आजपर्यंतचा संपूर्ण कालखंड अभिप्रेत असतो.

‘पासून’चे तीन अर्थ

‘१९९१ पासून उदारीकरण सुरू आहे’ यात प्रारंभबिंदू दिलेला आहे, म्हणून ‘सिन्स १९९१’. ‘दहा वर्षांपासून’ यात कालावधीची लांबी आहे, म्हणून ‘फॉर टेन इयर्स’. ‘सिन्स टेन इयर्स’ ही अत्यंत रूढ परंतु अशुद्ध रचना टाळावी. दोन्ही टोके निश्चित असल्यास ‘फ्रॉम’ व ‘टू’ यांची जोडी येते; पहिली पंचवार्षिक योजना ‘फ्रॉम १९५१ टू १९५६’ राबविण्यात आली.

‘पर्यंत’ आणि ‘आत’

‘अर्ज सोमवारपर्यंत पोहोचावा’ आणि ‘कार्यालय सहा वाजेपर्यंत उघडे राहील’ या दोन्ही वाक्यांत मराठी ‘पर्यंत’च वापरते. पहिल्यात अंतिम मुदत आहे, म्हणून ‘बाय’. दुसऱ्यात क्रिया त्या वेळेपर्यंत चालू राहते, म्हणून ‘टिल’. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेली शाश्वत विकास उद्दिष्टे प्रामुख्याने ‘बाय २०३०’ साध्य करावयाची आहेत. तेथे ‘टिल’ लिहिल्यास प्रयत्न २०३० पर्यंत चालतील एवढाच अर्थ उरतो. उद्दिष्टपूर्तीचे बंधन लोप पावते.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज मिळाल्यापासून सामान्यतः ३० दिवसांच्या आत निर्णय देणे आवश्यक असते. व्यक्तीचे जीवित वा स्वातंत्र्य यांच्याशी संबंधित माहितीसाठी ही मर्यादा ४८ तासांची आहे. येथे ‘विदिन’ हाच शब्द हवा. ‘इन थर्टी डेज’ याचा अर्थ पुष्कळदा ‘आजपासून तीस दिवसांनी’ असा घेतला जातो. मर्यादा व प्रतीक्षा यांतील हा फरक नागरिकाच्या हक्काचा फरक आहे.

सारांश, भाषांतर करताना मराठी प्रत्ययाला इंग्रजी प्रतिशब्द शोधण्याऐवजी काळाचे स्वरूप प्रथम ओळखावे. तो क्षण आहे, दिवस आहे की कालखंड? प्रारंभ सांगावयाचा आहे, लांबी की अंतिम मुदत? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की योग्य अव्यय निवडणे, अथवा ते गाळणे, सुलभ होते. सरावासाठी विद्यार्थ्यांनी आर्थिक पाहणीच्या मराठी व इंग्रजी आवृत्त्यांतील एकेक परिच्छेद समोरासमोर ठेवून त्यांतील कालवाचक शब्द अधोरेखित करावेत आणि प्रत्येक ठिकाणी हेच प्रश्न विचारावेत.