रानांतील कुजकें लांकूड आणि त्यावरील अळंबीं

चोपडा तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत. पावसाळ्यांत तेथील रानांत जाणाऱ्यास पडलेल्या ओंडक्यांवर पंख्याच्या अगर खुराच्या आकाराचीं पांढरीं व तपकिरी अळंबीं लागलेलीं दिसतात. तें पाहून ‘लांकूड वायां गेलें’ असा उद्गार सहज निघतो. कुंपणाच्या खांबाविषयीं तो खराही आहे. परंतु रानाविषयीं तो खरा नाहीं. हा भेद शेतकऱ्यांनीं नीट समजून घ्यावा, एवढ्याकरितां आम्ही हा विषय हातीं घेतला आहे.

लांकूड कसें कुजतें?

अळंबें म्हणजे बुरशीचें केवळ फळ होय. मूळ बुरशी बारीक तंतूंच्या रूपानें लांकडाच्या आंत पसरलेली असते. लांकडांत सेल्युलोजचे तंतु असतात व त्यांना सांधून टणकपणा आणणारें लिग्निन नांवाचें द्रव्य असतें. विटांच्या भिंतींत जें काम चुन्याचें, तेंच येथें लिग्निनचें. बुरशीच्या कांहीं जाती लिग्निनसुद्धां फोडतात. मग लांकूड पांढुरकें, मऊ व रेषाळ होतें. ही पांढरी कूज. दुसऱ्या कांहीं जाती सेल्युलोज खाऊन लिग्निन बहुतेक तसेंच ठेवितात; तें लांकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांनीं तडकतें. ही तपकिरी कूज. या कामीं वाळवीचाही वांटा मोठा आहे, आणि तिच्या कांहीं जाती तर वारुळाच्या पोटांत बुरशीची बागच लावितात. पावसाळ्यांत वारुळावर उगवणारीं अळंबीं त्याच बागेचीं होत.

बुरशीस ओल लागते. लांकडांतील ओल शेंकडा २० पेक्षां कमी असल्यास तें कुजत नाहीं. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सुमारें ७०० मिलिमीटर, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. म्हणून कुजण्याचें पुष्कळसें काम त्याच काळांत उरकतें व उन्हाळ्यांत बुरशी निपचित पडून राहते. झाडाच्या जातीप्रमाणेंही फरक पडतो. सालईचें मऊ लांकूड लवकर कुजतें. साग व अंजन यांचा नार दीर्घकाळ टिकतो. मात्र सागाचाही बाहेरचा पांढरा भाग कुजण्यास फार वेळ लागत नाहीं.

रानास याचा उपयोग काय?

कुजलेला ओंडका स्पंजाप्रमाणें पाणी धरून ठेवितो, त्याच्या आडोशास माती अडते व रोपें रुजतात, आणि झाडानें जन्मभर जमिनींतून घेतलेलीं द्रव्यें हळूहळू जमिनीस परत मिळतात. सातपुड्यांतून उतरणारी अनेर व तिच्यासारखे नदीनाले तापीस मिळतात. त्यांच्या वरच्या अंगास उतारावर माती टिकली, तरच पाणी मुरावयास अवसर मिळतो. तेव्हां डोंगरांतल्या कुजक्या लांकडाशीं खालच्या बागायतदाराचा संबंध नाहीं, असें समजूं नये.

दुसरा उपयोग ढोलीचा. झाडाचा नार मृतच असतो. जीवनरस बाहेरच्या भागांतून वाहतो. त्यामुळें नार कुजून पोकळ झालेलें झाडही पुष्कळ वर्षें जगतें. अशा मऊ झालेल्या लांकडांत सुतार पक्षी भोंक पाडतो आणि पुढें इतर प्राणी तेथें घर करितात. रानपिंगळा नांवाचें छोटें घुबड यांपैकींच एक होय. १८८४ नंतर ११३ वर्षें त्याची खात्रीची नोंद नव्हती व तो नष्ट झाला असें मानलें जात होतें. नोव्हेंबर १९९७ मध्यें पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी यांना तो शहाद्याजवळ, म्हणजे आपल्याच खानदेशांत, पुन्हां आढळला. पुढें यावल अभयारण्यांतही तो दिसला. सरडे, उंदीर व किडे हें त्याचें भक्ष्य. त्यास स्वतःस ढोली कोरतां येत नाहीं. जुनीं पोकळ झाडें गेलीं कीं त्याचें घरही गेलें.

फिनलंड देशाचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील रानांतल्या सुमारें ४,००० ते ५,००० जाती, म्हणजे एकूण जातींपैकीं शेंकडा २० ते २५, मृत लांकडावर अवलंबून आहेत. पिढ्यान्‌पिढ्या रान साफसूफ ठेविल्यानें त्यांतील अनेक बुरशा दुर्मिळ झाल्या. आतां तेथें तोडीच्या वेळीं कांहीं झाडें मुद्दाम राखून ठेवितात.

आपण काय करावें?

(१) रानास आग लागूं देऊं नये. मोहाचीं फुलें वेंचण्याकरितां झाडाखालचा पाला जाळणें सोयीचें वाटतें. पण तीच आग ओंडके व ढोल्या खाऊन टाकते, आणि उरलेली राख पहिल्याच पावसांत वाहून जाते. पाला झाडून बाजूस सारावा.

(२) सरपण लागतेंच. परंतु ज्यांस हक्क वा परवानगी आहे त्यांनीं वाळक्या फांद्या न्याव्या. जाड ओंडके व उभीं पोकळ झाडें राहूं द्यावीं. राखीव वनांतून पडलेलें लांकूडही परवानगीवांचून उचलतां येत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. बांधावर एखादें जुनें पोकळ झाड असून त्यापासून घरास, वाटेस वा गुरांस धोका नसेल, तर तें तसेंच राखावें.

(३) सर्वच बुरशा मित्र नव्हेत. खैर, शिसू इत्यादि झाडांच्या मुळांस गॅनोडर्मा नांवाची बुरशी लागते व जिवंत झाड मारते. बुडाशीं तकतकीत लालसर अळंबें हें तिचें चिन्ह. रोग एका झाडाच्या मुळांवरून लगतच्या झाडाच्या मुळांस जातो. म्हणून लागवडींतील रोगट झाडाचा बुंधा मुळांसह खणून काढावा व भोंवतीं चर घ्यावा.

(४) कुंपणाचा खांब जमिनीलगत आधीं कुजतो, कारण ओल व हवा यांची गांठ तेथेंच पडते. खांब नाराचा व वाळलेला घ्यावा, पांढरा भाग तासून टाकावा आणि बुडाशीं पाणी सांचूं देऊं नये.

(५) कपाशीची पऱ्हाटी जाळूं नये. धिंगरी ही खाद्य अळंबी लांकूड कुजविणाऱ्या बुरशांच्याच कुळांतली असून बारीक केलेल्या पऱ्हाटीवर ती चांगली वाढते. उरलेल्या चोथ्याचें खत होतें. रानांतलें अनोळखी अळंबें मात्र कोणीही खाऊं नये.

सारांश, खांब कोरडा ठेवावा आणि रानांतला ओंडका ओला राहूं द्यावा. खांब टिकला तर एका शेताचें कुंपण टिकतें. ओंडका कुजला तर साऱ्या रानाची माती पोसते.