तबकडी वाचेनाशी झाली तर

संगणकाच्या ड्राइव्हमध्ये सीडी घालावी, ती गरगर फिरत असल्याचा आवाज यावा, आणि पडद्यावर मात्र काहीच उमटू नये, हा अनुभव जुना संग्रह बाळगणाऱ्या ग्रंथालयांस नवा नाही. चेन्नईसारख्या शहरात, जेथे डिसेंबरातील संगीतसभांची ध्वनिमुद्रणे अनेक घरांत अशा तबकड्यांवर जपलेली आहेत, तेथे ही केवळ यंत्राची कटकट राहत नाही. गायक हयात नसेल आणि दुसरी प्रत नसेल, तर घाईने केलेला उपचार ते गाणे कायमचे नाहीसे करू शकतो.

प्रथम वाचन कसे होते ते पाहू. सीडीवर सूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल रेषा असते. तिचे वेढे इतके जवळ असतात की एका मिलिमीटरात सुमारे ६०० मावतात. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसरकिरण खालून भिंगातून येतो. सपाट भागावरून तो नीट परततो. खळग्यापाशी परतणाऱ्या लहरी परस्परांस मारक ठरतात व प्रकाश मंद होतो. या चढउतारांतूनच माहिती मिळते. तबकडीवर दिसणारे इंद्रधनुषी रंग हेही त्या वेढ्यांवरील विवर्तनाचेच फळ. (याच विवर्तनावर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९०६ साली, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना, आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला होता.)

आता दोष शोधावयाचा. कारखान्यात छापलेली, निश्चित चांगली अशी दुसरी तबकडी घालून पाहावी. ती वाचली गेली तर ड्राइव्ह बहुधा निर्दोष आहे. सीडी वाचली जाते पण डीव्हीडी नाही, असे झाल्यास गोंधळून जाऊ नये: डीव्हीडीस ६५० नॅनोमीटरचा निराळा लेसर लागतो, आणि दोहोंपैकी एकच निकामी होऊ शकतो. संगणकास ड्राइव्ह मुळीच दिसत नसेल, तर आधी तार तपासावी.

एकही तबकडी वाचली जात नसेल, तर चेन्नईत पहिला संशय दमटपणाचा घ्यावा. वातानुकूलित खोलीतील गार यंत्र बाहेरच्या सागरी हवेत आणले की थंड पाण्याच्या पेल्याप्रमाणे भिंगावरही दव जमते. यंत्र बंद ठेवून एकदोन तास थांबणे, एवढाच त्यावर इलाज. दुसरा संशय धुळीचा. रबरी फुग्याने हवा मारावी. ते न पुरल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेला कापसाचा बोळा भिंगावरून अलगद फिरवावा. भिंग बारीक तारांवर तोललेले असते, दाबल्यास कामातून जाते. वीजपुरवठा तोडल्यावाचून हे करू नये. लेसर डोळ्यांस अपायकारक आहे.

दोष तबकडीचाच असेल, तर ती मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल गोल नव्हे. बारीक आडवे ओरखडे दोषनिवारक गणित भरून काढते; वेढ्याच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा सलग मजकूर खातो. सीडीची खरी दुखरी बाजू मात्र वरची. परावर्तक थर नावाच्या छापाखाली लाखेच्या पातळ लेपानेच झाकलेला असतो, आणि तेथे टोकदार लेखणीने लिहिलेले नाव त्यालाच कोरून काढते. डिसेंबर २०१५ च्या महापुरासारख्या प्रसंगी चिखलाने माखलेली तबकडी स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत उभी वाळवावी. उन्हात नव्हे, कारण घरी मुद्रित केलेल्या तबकडीतील रंगद्रव्य उन्हाने विटते.

परदेशातील नातेवाइकांनी धाडलेली चित्रपटाची डीव्हीडी अडली तर तेथे बिघाड नसेलही: अमेरिकेचा प्रदेशक्रमांक १, भारताचा ५. घरी मुद्रित केलेली तबकडी शेवटी बंद केलेली नसेल, तर ती मूळ ड्राइव्हमध्येच वाचून पाहावी. एवढे करूनही यश न आल्यास रिची स्ट्रीटच्या बाजारातून दुसरा ड्राइव्ह आणून प्रयत्न करणे शहाणपणाचे. एका यंत्रास न जमलेली तबकडी दुसरे यंत्र पुष्कळदा वाचते. वाचली गेली की त्याच बैठकीत तिच्या दोन प्रती निराळ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात.