उठावाचा रंगीत क्रोशा चौकोन: विणायचा कसा आणि विकायचा कितीला



मागच्या आठवड्यात व्हिडिओ टाकला आणि सगळ्यात जास्त प्रश्न दोनच आले. "ताई, तो फुगीर टाका परत एकदा लिहून द्या" आणि "याचं ब्लँकेट कितीला विकायचं?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं सोपं नाही, आणि आजच्या धड्याचा मोठा भाग त्यावरच आहे. पण आधी हातात चौकोन यायला हवा, म्हणून विणकामापासूनच सुरुवात करू.

चौकोन विणून जोडण्याची पद्धत जुनी आहे. १८८५ साली अमेरिकेतल्या प्रेअरी फार्मर नावाच्या नियतकालिकात छापलेला नमुना हा ग्रॅनी स्क्वेअरच्या सगळ्यात जुन्या छापील नमुन्यांपैकी एक मानला जातो. उरलेल्या लोकरीच्या तुकड्यांतून चादर, असा त्यामागचा काटकसरी विचार. आपल्याकडे गोधडीचं जे गणित, तेच इथे. फरक एवढाच की गोधडी घरासाठी शिवली जायची आणि आपण विकण्यासाठी विणतोय. विकण्यासाठी विणताना उरलेली लोकर चालत नाही. का, ते पुढे सांगते.

सामान: ४ मिमीची क्रोशाची सुई, मध्यम जाडीची अ‍ॅक्रेलिक लोकर चार रंगांत, कात्री, मोठ्या नेढ्याची बोथट सुई. माझ्या हाताने चौकोन साधारण साडेचार इंचाचा होतो आणि लोकर १० ग्रॅम लागते. तुमचा हात घट्ट असेल तर चौकोन लहान येईल. तो लहान आला म्हणून बिघडत नाही, पण सगळे सारखे यायला हवेत.

एक सूचना. यूट्यूबवर परदेशी व्हिडिओ बघणाऱ्यांचा नेहमी गोंधळ होतो, कारण अमेरिकन लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश लोक ट्रेबल म्हणतात. आपले शब्द बरे: साखळी, मुका खांब, खांब. खाली 'खांब' म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन विणलेला नेहमीचा खांब.

पहिली फेरी, पहिला रंग. ४ साखळ्या घालून गोल जोडा. ३ साखळ्या घाला (हा पहिला खांब) आणि गोलात आणखी १५ खांब घाला. एकूण १६. स्लिप स्टिचने जोडून धागा कापा. इथे मोजाच. १५ किंवा १७ झाले तर पुढच्या फेरीत कोपरा जागेवर बसत नाही आणि चूक कुठे आहे ते सापडत नाही.

दुसरी फेरी, दुसरा रंग. हीच उठावाची फेरी. कुठल्याही खांबाच्या डोक्यात रंग जोडा. ३ साखळ्या आणि त्याच घरात ४ खांब, म्हणजे एकाच घरात पाच. आता सुई फासातून काढून घ्या, पाचांपैकी पहिल्याच्या डोक्यातून पुढून मागे घाला, सोडलेला फास पकडून ओढून घ्या. पाच खांब एकत्र येऊन पुढे फुगतात. हा पॉपकॉर्न टाका. मग ३ साखळ्या, एक खांब सोडून पुढच्यात परत पॉपकॉर्न. असे आठ फुगे आणि मध्ये आठ कमानी होतील. शेवटच्या ३ साखळ्या पहिल्या फुग्याच्या डोक्याला जोडा. फुगा मागच्या बाजूला गेला असेल तर बोटाने पुढे ढकला, तो ऐकतो.

तिसरी फेरी, तिसरा रंग. गोलाचा चौकोन इथे होतो. एका कमानीत ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब: हा कोपरा. पुढच्या कमानीत फक्त ४ खांब: ही बाजू. परत कोपरा, परत बाजू. चार कोपरे, चार बाजू. प्रत्येक बाजूला आता १० खांब दिसायला हवेत.

चौथी फेरी, चौथा रंग, म्हणजे काठाचा. कोपऱ्याच्या कमानीत रंग जोडून ३ साखळ्या आणि १ खांब. मग बाजूच्या पहिल्या ३ खांबांवर साधे खांब. मधल्या ४ खांबांवर मात्र डोक्यात सुई न घालता खांबाच्या दांड्याभोवती पुढून सुई फिरवून खांब घाला. मी त्याला उठावाचा खांब म्हणते. मग परत ३ साधे. पुढच्या कोपऱ्यात २ खांब, २ साखळ्या, २ खांब. असं सगळीकडे. शेवटी सुरुवातीच्याच कोपऱ्यात २ खांब, २ साखळ्या घालून जोडा. बाजूला १४ झाले.

पाचवी फेरी त्याच रंगात, धागा न कापता. प्रत्येक खांबावर मुका खांब, प्रत्येक कोपऱ्यात १ मुका, २ साखळ्या, १ मुका. बाजूला १६. सगळ्या चौकोनांना १६ असले की जोडणी डोळे मिटून होते.

आता रंग. फुगीर टाका सावलीमुळे दिसतो, म्हणून दुसऱ्या फेरीत गडद निळा किंवा काळा घेतलात तर मेहनत वाया. तिथे हळदी, राणी, कैरी, मोतिया असे रंग घ्या. काठाचा रंग मात्र सगळ्या चौकोनांना एकच ठेवा. मधले रंग कितीही उड्या मारोत, काठ एक असला की चादर एका घरातली वाटते. रंगसंगती सुचत नसेल तर आईच्या पैठण्या काढून बसा: मोरपंखी, राणी, सोनेरी. फुकटचं डिझाइन स्कूल आहे ते.

आणि आता तो उरलेल्या लोकरीचा मुद्दा. काठाचा रंग एकूण लोकरीच्या जवळपास निम्मा खातो. ६४ चौकोनांच्या बाळाच्या ब्लँकेटला, जोडणी आणि बाहेरची किनार धरून, त्या एका रंगाची ४३० ग्रॅम लोकर जाते. तुम्ही २०० ग्रॅम आणली, अर्धं विणलं, परत दुकानात गेलात, तर तोच रंग, तोच नंबर, तीच कंपनी, पण लॉट वेगळा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही. गिऱ्हाइकाच्या बाल्कनीत, उन्हात कळतो. म्हणून काठाचा रंग पूर्ण ५०० ग्रॅम एकदम घ्या आणि प्रत्येक गुंडीच्या कागदी पट्टीवरचा लॉट नंबर जुळवून घ्या. दुकानदार कुरकुरला तरी चालेल. मी स्वतः काउंटरच्या त्या बाजूला असते, मला माहीत आहे, शोधून देता येतो.

धाग्याची टोकं हा दुसरा न दिसणारा खर्च. चार रंग म्हणजे प्रत्येक चौकोनाला आठ टोकं. ६४ चौकोनांची ५१२. ती शेवटी एकत्र खोचायला बसलात तर दोन दिवस जातील आणि ब्लँकेटचा राग येईल. सुरुवातीचं टोक त्याच फेरीच्या टाक्यांखाली दाबत विणा, शेवटचं सहा इंच ठेवून लगेच खोचा: एकदा इकडे, एकदा तिकडे, परत एकदा इकडे. बाळाच्या वस्तूत सुटलेलं टोक म्हणजे बोटात अडकणारा दोरा, तिथे आळस नको. कामाची गती वाढवायची असेल तर एकेक चौकोन पूर्ण करू नका. आधी सगळ्यांची पहिली फेरी, मग सगळ्यांची दुसरी. हात एकाच हालचालीला सरावतो.

हिशोब करू. दर प्रत्येक गावात वेगळे असतात, म्हणून उदाहरणासाठी लोकर १०० ग्रॅमला ८० रुपये धरते. तुम्ही तुमचा आकडा घाला. ३६ बाय ३६ इंचाचं ब्लँकेट, आठ गुणिले आठ, ६४ चौकोन. लोकर ६४० ग्रॅम, जोडणी आणि किनार ११० ग्रॅम, एकूण ७५०. म्हणजे ६०० रुपये. लेबल, पिशवी, कागद ६० रुपये. इथपर्यंत सगळ्या जणी बरोबर लिहितात. यापुढचा कॉलम कोरा असतो.

सरावलेल्या हाताला टोकं खोचून एक चौकोन २५ मिनिटांत होतो. ६४ चौकोनांचे १६०० मिनिटं, साधारण २७ तास. जोडणी आणि किनारीला ८ तास. एकूण ३५ तास. माझ्या बॅचमधल्या एका ताईंनी असंच ब्लँकेट १५०० रुपयांना दिलं आणि आनंदाने सांगितलं, "मॅडम, ८४० रुपये सुटले!" मी फक्त भागाकार केला. तासाला २४ रुपये. त्या म्हणाल्या, "पण मी तर टीव्ही बघता बघताच विणते, वेळ कुठे जातो?"

हे वाक्य त्यांचं एकटीचं नाही, म्हणून त्यावर थांबते. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात, ती परदेशात जाते, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या लेस विणणाऱ्या बायकांवर १९८२ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात मांडलेली गोष्ट अशी: घरात बसून, फावल्या वेळात करतात, म्हणून ते कामच नाही असं सगळ्यांनी धरलं. व्यापाऱ्यांनी धरलं, घरच्यांनी धरलं, आणि बायकांनीही. माल परदेशी बाजारात गेला आणि विणणारीच्या हातात अगदी थोडं पडलं. तुम्ही स्वतःच्या वहीत वेळेचा कॉलम कोरा ठेवता तेव्हा तुमच्यातला व्यापारी तुमच्यातल्या कारागिराला हेच करतो.

तर कॉलम भरू. सुरुवातीला तासाला ६० रुपये धरा. मला विचाराल तर हेही कमीच आहे, पण शून्यापेक्षा बरं. ३५ तासांचे २१००. लोकर ६००, पॅकिंग ६०. एकूण २७६०. यावर २० टक्के धरा: रिक्षा, मोबाइलचा डेटा, बिघडलेले चौकोन, प्रदर्शनाच्या टेबलाचं भाडं यातूनच जातं. ते झाले ५५२. किंमत ३३१२, म्हणजे ३३०० सांगा.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या गावात ३३०० कोण देणार? खरं आहे. मुंबईच्या उकाड्यात तर जाड अ‍ॅक्रेलिक ब्लँकेट कोणी फुकट घेतलं तरी कपाटात टाकेल. म्हणून किंमत पाडायची नाही, वस्तू बदलायची. ब्लँकेट फक्त ऑर्डरवर, निम्मे पैसे आगाऊ घेऊन, आणि तेही बारसं किंवा परदेशातल्या नातवंडासाठी पाठवायची भेट म्हणून. तिथे लोक पैसे देतात, कारण आजीला विणता येत नाही पण पाठवायचं असतं.

रोजच्या विक्रीला हाच चौकोन छोट्या वस्तूत वापरा. दारावरचं तोरण बघा. पाच चौकोन, टोकाला टोक लावून तिरके लटकवले की साधारण ३२ इंच होतात, दोन्हीकडे दोरी सोडली की दार भरतं. लोकर ६५ ग्रॅम, ५२ रुपये. वेळ जोडणीसकट अडीच तास, १५० रुपये. पॅकिंग २०. झाले २२२, त्यावर २० टक्के, २६६. तोरण २७० ते ३०० ला दिवाळीआधी जातं, आणि तुमच्या तासाचे पूर्ण पैसे मिळतात. उशीचा अभ्रा १८ इंचाचा, १६ चौकोन, मागे सुती कापड आणि चेन. त्याचा हिशोब ९०० च्या आसपास जातो. जोडीने अभ्रे सोफ्यावर छान दिसतात, पण फोटो चांगला नसेल तर विकले जात नाहीत, सांगून ठेवते. रुखवताच्या ऑर्डरी घेणाऱ्यांशी ओळख असेल तर तोरण, ताटावरचा रुमाल आणि अभ्रा असा संच करून द्या. रुखवतात क्रोशा काही नवीन नाही, आता विणायला घरात कोणाला वेळ नाही एवढंच.

एक गोष्ट मात्र या चौकोनाची करू नका: कोस्टर. फुग्यांवर चहाचा कप डुगडुगतो. गिऱ्हाईक एकदा सांडेल आणि कायमचं जाईल.

धुण्याची चिठ्ठी प्रत्येक वस्तूला लावा. अ‍ॅक्रेलिकवर गरम इस्त्री फिरवली की ते मऊ पडून लोळतं, उठाव कायमचा बसतो. "इस्त्री करू नये, सावलीत पसरून वाळवावे" एवढी ओळ पुरे. शक्य असेल तर "पूर्णपणे हाताने विणलेले" हेही लिहा. अख्खं क्रोशाचं काम आजही हातानेच होतं, मशीनवर विणलेली जी मिळते ती बहुतेक क्रोशासारखी दिसणारी जाळी असते. गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं, सांगावं लागतं.

या आठवड्याचं काम: तीन चौकोन विणा आणि फोनवर घड्याळ लावून विणा. पहिला सोडून द्या, तो शिकण्याचा. दुसऱ्या आणि तिसऱ्याची सरासरी मिनिटं, लोकरीचे ग्रॅम आणि तुमच्या गावातला १०० ग्रॅमचा दर, हे तीन आकडे व्हिडिओखाली लिहा. पुढच्या शुक्रवारी जोडणीचा धडा आहे, त्यात तुमच्यापैकी पाच जणींचे आकडे घेऊन तोरणाची किंमत काढू. लोकरीचा वजनकाटा नसेल तर किराणा दुकानात चौकोन तोलून घ्या, हसले तर हसू द्या.